बावन्नावी वाटी

घंटागाडी आळीत शिरायची तेव्हा तेजस्विनी भोईटेच्या हातात चहाचा कप असायचा आणि तिच्या सासूबाई रंजनाताई ओला-सुका असे दोन डबे घेऊन उंबऱ्यात उभ्या असायच्या. फलटणच्या त्या आळीत वर्षानुवर्षं हेच चालत आलं होतं. त्या दिवशीही गाडीनं आपलं ठरलेलं गाणं वाजवलं, डबे रिकामे केले आणि ती वळणावर दिसेनाशी झाली. मग तेजस्विनीचा फोन थरथरला.

इशारा होता. अशा इशाऱ्यांचा माग काढणं हेच तिचं काम होतं. जिल्ह्याच्या 'अनाथ किरण-स्रोत पथका'ची ती प्रमुख. नाव भारदस्त, माणसं तीन आणि गाडी एक. जुन्या दवाखान्यातून, बंद पडलेल्या कारखान्यातून, भंगाराच्या ढिगातून बेवारशी किरणोत्सर्गी वस्तू हुडकायच्या, शिशाच्या पेटीत घालायच्या आणि त्यांची कायमची सोय लावायची, एवढं ते काम.

महिन्यापूर्वी नगरपालिकेनं प्रत्येक घंटागाडीच्या टपावर एक स्फटिक बसवला होता. पूर्वी असा स्फटिक वाढवायला खास भट्ट्या आणि महिनोन् महिने लागत. आता तो शाईसारखा काचेवर छापता येऊ लागला होता, म्हणून तर नगरपालिकेच्या नशिबी आला. गॅमा किरण त्याच्यावर आदळला की आत क्षणभर उजेड चमकतो. किरण जितका जोरकस तितकी चमक मोठी, आणि चमक मोजली की तो किरण कुणाच्या घरचा ते कळतं. केळ्यातल्या पोटॅशियमची चमक वेगळी, ग्रॅनाइटच्या ओट्याची वेगळी, थायरॉइडसाठी घेतलेल्या औषधाची वेगळी. बायकांनी त्या यंत्राचं नाव 'हुंगणी' ठेवलं होतं. पहिल्याच आठवड्यात हुंगणीनं दोन थायरॉइडचे पेशंट आणि सात ग्रॅनाइटचे ओटे पकडले होते, आणि कुणी गुपचूप नवा ओटा बांधून घेतला हे आळीला त्यामुळेच कळलं.

पण आजच्या इशाऱ्यात पडद्यावर दोन सुळके होते. शेजारी शेजारी, जवळजवळ सारख्या उंचीचे. तेजस्विनीनं कप खाली ठेवला. ही जोडी तिला झोपेतही ओळखू आली असती. कोबाल्ट-साठ. हा काही केळ्यात सापडत नाही. तो अणुभट्टीत मुद्दाम तयार करतात, कॅन्सरच्या उपचारासाठी किंवा कारखान्यातल्या वेल्डिंगचे फोटो काढण्यासाठी.

तिनं पत्ता वाचला आणि पुन्हा एकदा वाचला. पत्ता तिच्याच घराचा होता.

मोजणीयंत्राचा डबा हातात घेऊन ती ओसरीतून स्वयंपाकघरात आली तसे आकडे चढू लागले. फ्रिजपाशी नाही, ओट्यापाशी नाही. भांड्यांच्या मांडणीसमोर यंत्र ओरडायला लागलं. खालच्या फळीवर चार स्टीलच्या वाट्या एकात एक घालून ठेवलेल्या होत्या. चारही वाट्यांच्या काठावर बारीक टिंबाटिंबांत कोरलं होतं: रंजना भोईटे, संक्रांत २०४०.

"काय गं, एवढं कशानं वराडतंय ते?" रंजनाताई मागे येऊन उभ्या राहिल्या.

"आई, मागे व्हा. ओसरीत जाऊन बसा. ह्या वाट्या किती होत्या सगळ्या?"

"एक्कावन्न आणल्या होत्या की. सत्तेचाळीस लुटल्या, चार उरल्या. परसातल्या खोलीत लोखंडी पेटीत हुत्या, कालच काढून मांडल्या." आणि मग त्यांच्या लक्षात आलं. "वाट्यांत काय हाय?"

तेजस्विनीनं सांगितलं. कुठल्यातरी परराज्यात, कुठलंतरी जुनं यंत्र भंगारात गेलं असणार. आतली कोबाल्टची गोळी कुणाच्या ध्यानात आली नाही. भट्टीत वितळली, पोलादात मिसळली, त्या पोलादाचा पत्रा झाला आणि पत्र्याच्या वाट्या झाल्या. दिसायला लखलखीत, वासाला काही नाही. रोज जवळ बाळगल्या तरच घात करणाऱ्या. सुटी एखादी वाटी रस्त्यावरच्या गाडीला कळली नसती, चार एकत्र मांडणीवर आल्या म्हणून कळल्या.

रंजनाताई ओसरीवरच्या खुर्चीत जाऊन बसल्या. त्या वाट्यांची गोष्ट साधी नव्हती. सासरे गेल्यावर चार वर्षं त्या कुणाच्या हळदीकुंकवाला गेल्या नव्हत्या, आणि कुणी बोलावलंही नव्हतं. मग दीड वर्षापूर्वी तेजस्विनीच म्हणाली होती, "आई, यंदा तुम्ही करा हळदीकुंकू. तुमच्या नावानं." रंजनाताईंनी आठ दिवस नाही-नाही म्हणत काढले आणि नवव्या दिवशी बाजारात जाऊन वाट्या आणल्या. वाटीवर नुसतं नाव घातलं, त्याच्या आधी सौ. नाही की श्रीमती नाही. सत्तेचाळीस बायका आल्या. काही कुजबुजल्या, पण आल्या. त्या संध्याकाळी सासूबाईंच्या चेहऱ्यावर जे होतं ते तेजस्विनीनं आधी कधी पाहिलं नव्हतं.

"तेजू," रंजनाताई हळूच म्हणाल्या, "ते फोनवर काय कारण भरायचं असतं न्हवं? मागं त्या सोनाराच्या बाईचं भरलंस तसं?"

फोनवर प्रश्न वाट पाहत होता. कारण निवडा. पहिलाच पर्याय होता: औषधोपचार घेतलेला रुग्ण. एक बोट टेकवलं की फाइल बंद. चार वाट्या ती आजच्या आज पेटीत घालू शकली असती, आणि बाकीच्या?

"माझ्या हातानं कुंकू लावून दिल्यात गं," रंजनाताई म्हणाल्या.  "लोक काय म्हणतील म्हाइताय? रांडावलेल्या बाईनं वाण लुटलं, त्याचं हे फळ."

तेजस्विनीला वाईट वाटलं. ह्या वाट्या आणायला तिनंच लावलं होतं. पण सत्तेचाळीस घरांच्या मांडण्या तिच्या डोळ्यांपुढे आल्या आणि तिनं चौथ्या पर्यायावर बोट टेकवलं: तपास सुरू.

"म्हणू देत," ती म्हणाली. "आपण वाट्या परत आणू. सगळ्या."

*

बोलणं सोपं होतं. फलटणात एकवेळ पाहुणा उपाशी जाईल, पण भांडं काही रिकामं परत जायचं नाही. शेजारणीनं वाटीतून लोणचं दिलं की ती वाटी महिनाभर आपल्याकडे राहते, मग तिच्यात काहीतरी चांगलंचुंगलं घालून परत जाते, आणि अनेकदा भलतीच वाटी भलत्याच घरी जाते. दीड वर्षात रंजनाताईंच्या वाट्या पाय फुटल्यासारख्या हिंडल्या होत्या. एक चटणी घेऊन लोणंदला गेली होती. एक लाडवांबरोबर बारामतीच्या मुलींच्या वसतिगृहात पोचली होती आणि तिथं तिच्यात खडूचे तुकडे ठेवलेले सापडले. भांड्यांवर नावं घालायची रीत नसती तर ह्यातल्या निम्म्या वाट्या हाती लागल्या नसत्या.

तेजस्विनी घरोघर गेली. तीन शब्द ती सगळीकडे सांगायची: वेळ, अंतर, आडोसा. वाटीजवळ कमीत कमी वेळ थांबा, दूर राहा, मध्ये जाड काहीतरी असू द्या. अंतर दुप्पट केलं की मारा चौथाईवर येतो. ती लांब चिमट्यानं वाटी उचलायची, शिशाच्या पेटीत सोडायची, वाटी आधी कापसाच्या बोळ्यानं पुसून तो बोळा तपासायची. कोबाल्ट पोलादाच्या पोटात आहे, वर सुटलेला नाही, हे प्रत्येक बोळा सांगत होता.

पण बोळ्याचं कोण ऐकतं! शेजारच्या चंद्रकलाकाकूंनी वाटीतलं दही तर ओतलंच, वर दह्याचं सगळं गाडगंच उकिरड्यावर फोडलं.

"काकू, दही खराब होत नाही ह्यानं," तेजस्विनी म्हणाली. "दिव्याच्या उजेडात ठेवलेली भाकरी काही दिवा होत नाही. वाटी काढून घेतली की संपलं."

"तुजं शास्त्र तुज्यापाशी," काकूंनी दार अर्धं लोटलं. "आमी आपली आडाणी माणसं. आन् चहाबिहा सांगू नगंस आता, आमाला तुमच्या घरचं काई नको."

ह्या चंद्रकलाकाकू तीस वर्षं रंजनाताईंबरोबर कुरडया घालत आल्या होत्या. त्या दिवसापासून आळीतलं कुणी भोईट्यांचा उंबरा चढलं नाही. दूधवाली पिशवी पायरीवर ठेवून जाऊ लागली. नळावर रंजनाताई आल्या की कळशा घाईनं भरायच्या. आणि जे बोललं जाईल असं त्या म्हणाल्या होत्या, ते शब्दन् शब्द तसंच बोललं गेलं. रंजनाताईंनी बाहेर जाणंच सोडलं. जेवण अर्ध्यावर आलं. तेजस्विनी रोज संध्याकाळी घरी आली की त्या एकच विचारायच्या, "किती झाल्या?"

अकराव्या दिवशी तेजस्विनी म्हणाली, "झाल्या. एक्कावन्न."

रंजनाताईंनी डोळे मिटले. पण सुटल्यासारखा चेहरा काही झाला नाही, हे तेजस्विनीनं पाहिलं आणि दमणुकीत विसरून गेली.

*

वाट्या ज्या पिंपात जाणार त्याला एक पोलादी पाटी लागते. रंग उडतो, कागद कुजतो, म्हणून अक्षरं कोरलेली हवीत. कोबाल्टचा जोर सव्वापाच वर्षांत निम्मा होतो, पुढच्या सव्वापाचात निम्म्याचा निम्मा. हजारावा हिस्सा उरायला साधारण त्रेपन्न वर्षं. तेवढं तरी पाटीनं टिकायला हवं. तेजस्विनी पाटी घेऊन दस्तगीर शिकलगारांच्या दुकानात गेली. फलटणातल्या निम्म्या भांड्यांवरची नावं ह्याच माणसाच्या हातची. वाट्या शोधताना अक्षराचं वळण बघून 'ही माझी, ही त्या दुसऱ्या दुकानातल्या पोराची' असं सांगायला तेच आले होते.

"काय घालू, सूनबाई?" चष्मा कपाळावरून खाली घेत त्यांनी विचारलं.

"कोबाल्ट-साठ. बाकी तारीख. उघडू नये, सन २०९४ पर्यंत. आणि वाट्या नग एक्कावन्न."

सुई पाटीला टेकवता टेकवता दस्तगीरचाचा थांबले. "बावन्न."

"एक्कावन्न, चाचा. मी स्वतः मोजल्यात."

"तुम्ही मोजल्या असतील. नाव मी घातलं. एक्कावन्न नग घेतले की दुकानदार वर एक देतो, ही फलटणची रीत हाय. सव्वाशेर मापलं की वर मूठ टाकतात तशी. ती वरची वाटी शेवटाला आली आन् माझी सुई मोडली, म्हणून ध्यानात हाय. बाई म्हणाल्या, ह्याच्यावर माझं नको, लेकीचं घाला."

"लेकीचं?"

"स्नेहल. नुसतं एवढंच. पहिलं वाण लेकीला, म्हणाल्या."

तेजस्विनी पाटी तिथंच टाकून निघाली.

*

रंजनाताई देवघरापुढे बसल्या होत्या. तेजस्विनीनं विचारलं तेव्हा त्यांनी नाकारलं नाही.

"मी पहिल्याच दिवशी फोन केला होता तिला," त्या म्हणाल्या. "म्हणलं, ती वाटी वापरू नगंस, लांब टाकून दे. हो म्हणाली. मग कशाला नाव काढायचं? लग्नाला तीन वर्षं झाली तिच्या. आत्ता कुठं पोर झालं. सासरच्यांना कळलं असतं की तिच्या आईनं हे असलं धाडलंय..."

"टाकली का तिनं?"

"टाकली असंल की."

"असेल?" तेजस्विनीचा आवाज चढला. अकरा वर्षांच्या संसारात ती सासूबाईंवर कधी ओरडली नव्हती. "आई, आळीतल्या एकेका बाईला मी दारात उभं राहून सांगितलं, लपवू नका. आणि माझ्याच घरात?"

तिनं फोन लावला. नणंद स्नेहल बरड गावाजवळ मळ्यातल्या वस्तीवर राहायची. तिथं घंटागाडी जात नाही, म्हणून हुंगणीही नाही. पलीकडून आधी मुलीचं रडणं ऐकू आलं, मग स्नेहलचा बारीक आवाज.

"वहिनी, मी टाकली होती. दोनदा टाकली. एकदा गोठ्यामागं, एकदा अडगळीत. दोन्ही वेळा सासूबाईंनी हुडकून आणली. म्हणाल्या, आईनं दिलेली वस्तू अशी का टाकती? परी झाल्यापासून तिच्यातच तेल कोमट करत्यात. रोज. मालिश झालं की पाळण्याखाली ठेवत्यात."

"आता कुठे आहे?"

"पाळण्याखाली."

तेजस्विनी शांतपणे बोलली. "स्नेहल, परीला उचल. वाटीला हात लावत बसू नकोस. पोरीला घेऊन अंगणात जा, चिंचेखाली बस. सासूबाईंना काही विचारू नकोस, काही सांगू नकोस. फक्त उचल आणि चाल. मी येतेय."

ती चपला घालेपर्यंत रंजनाताई पदर खोचून दारात उभ्या होत्या.

"मी येते."

"तुम्ही नको. मी बोलते त्यांच्याशी."

"माझं मी बोलीन," रंजनाताई म्हणाल्या. कित्येक दिवसांनी पहिल्यांदा त्या पायरी उतरल्या.

*

वस्तीवर पोचल्या तेव्हा ऊन चढलं होतं. चिंचेखाली स्नेहल मुलीला छातीशी धरून बसली होती, आणि तिच्या सासूबाई लताबाई जगताप कमरेवर हात ठेवून तिला काहीतरी विचारत होत्या. लताबाई म्हणजे नवऱ्यामागं एकटीनं डाळिंबाची बाग राखलेली बाई. तिच्यासमोर गावचा तलाठीही जपून बोलायचा.

"या इनबाई. पोरगी काय सांगंना, नुसती रडती. घरात काय नाग निघाला का?"

रंजनाताई उभ्याच राहिल्या. "इनबाई, मी संक्रांतीला जी वाटी दिली ती वाईट निघाली. तिच्यातनं किरण निघत्यात. फलटणात सगळ्या वाट्या तेजूनं गोळा केल्या. ही मी लपवली. स्नेहलचा काही दोष न्हाई, तिला मीच गप्प बस म्हणलं. चूक माझी हाय."

लताबाईंना कळायला थोडा वेळ लागला. फलटणच्या वाट्यांची बातमी त्यांनी पेपरात वाचली होती, पण तिच्यात कुणाचं नाव नव्हतं. मग त्यांनी अगदी हळू विचारलं, "किती दिस झालं कळून?"

"अकरा."

"अकरा दिस." लताबाईंचा आवाज फुटला. "अकरा दिस माज्या नातीच्या उशापायथ्याला इख ठिवलंत, आन् तुमाला ठावं हुतं? अवो, रांडाव बाईनं दिली म्हून भावकीतल्या बायका नाकं मुरडत हुत्या. मी म्हणलं, मीबी तसलीच हाय. मुद्दाम, मुद्दाम तीच वाटी घेत हुते मी पोरीच्या तेलाला! आन् तुमी मला एक फोन करू शकला न्हाई?"

 रंजनाताई रडल्या, पण त्यांनी मान खाली घातली नाही.

तेजस्विनी तोवर आत गेली होती. पाळण्याखालची वाटी तिनं चिमट्यानं उचलून परसात आणली, तेल मातीत ओतलं, वाटी आतून-बाहेरून पुसली, बोळा तपासला. पाळण्याच्या जागी आकडा मोजला, तास गुणले, महिने गुणले, आणि दोनदा पडताळा घेतला. मग चिंचेखाली आली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलली.

"मावशी, मी खोटं सांगणार नाही. जन्मल्यापासूनच्या तीन महिन्यांत परीला जे लागलंय ते एका सीटी स्कॅनपेक्षा कमी आहे. उद्या तिला डॉक्टरांकडे नेऊ, रक्त तपासू, वर्षातून एकदा बघत राहू. ती खेळेल, वाढेल. तेल अंगाला लागलं म्हणून काही नाही, तेल चांगलंच होतं. पण ही वाटी चार-पाच वर्षं तिच्या उशाशी राहिली असती, तर मी आज असं बोलू शकले नसते."

लताबाईंनी नातीला स्नेहलकडून ओढून घेतलं, तिचा माथा हुंगला, हात-पाय चाचपले. सुनेकडे बघून म्हणाल्या, "आन् तू गं? माजी एवढी भीती वाटती तुला?"

"वाटते," स्नेहल म्हणाली.

 लताबाईंनी नातीला सुनेच्या हाती परत दिलं आणि त्या घरात गेल्या. तेजस्विनी वाटी घेऊन गाडीकडे निघाली, चिमटा अंगापासून लांब धरून.

"थांब!" दारातून हाक आली. लताबाईंच्या हातात साखरेचा डबा होता. "रिकामी नेऊ नगंस."

"मावशी, ही वाटी आता कुणाच्या घरी जाणार नाही. पिंपात जाणार."

"जाऊ दे की कुटं जायची ती. माजा राग गेला न्हाई, लवकर जायचा बी न्हाई. पर ह्या घरातनं भांडं रिकामं गेलं न्हाई आजवर."

शिस्तीनं बघितलं तर तेजस्विनीनं नाही म्हणायला हवं होतं. तिनं सासूबाईंकडे पाहिलं. मग चिमटा पुढे केला आणि म्हणाली, "लांबूनच. एकदाच."

लताबाईंनी हात लांब करून चमचाभर साखर वाटीत टाकली.

*

दुसऱ्या दिवशी दुपारी नगरपालिकेच्या आवारात पिंप उभं होतं. बाहेर पोलाद, आत वीतभर जाड काँक्रीटचं अस्तर, मध्ये वाट्या. शेजारी सिमेंटचा गिलावा कालवणारं यंत्र घरघरत होतं. इथून हे पिंप शेकडो मैल जाऊन काँक्रीटच्या खंदकात बसणार होतं आणि वर मातीचा जाड थर पडणार होता. कुंपणापलीकडे, तेजस्विनीनं आखून दिलेल्या रेघेमागे, आळीतल्या पंधरा-वीस बायका उभ्या होत्या. बघायला आल्या होत्या, बोलायला नाही. रंजनाताई त्यांच्यापासून चार हात बाजूला उभ्या होत्या. दस्तगीरचाचांनी पाटी आणून दिली होती: नग बावन्न. त्याखाली एक ओळ जास्त होती. ती रंजनाताईंनी सकाळी स्वतः दुकानात जाऊन घालून घेतली होती: रंजना भोईटे यांनी परत केल्या.

"तेजू," रंजनाताईंनी कुंपणाजवळून विचारलं, "अशाच रिकाम्या पाठवायच्या का गं सगळ्या?"

"नाही आई. पिंपात पोकळी राहिली तर पुढं काँक्रीटला चिरा जातात, पाणी शिरतं. म्हणून प्रत्येक वाटी सिमेंटनं काठोकाठ भरायची. तसा नियमच आहे."

रंजनाताईंनी मान हलवली. "चांगला नियम हाय," त्या म्हणाल्या.

एक्कावन्न वाट्या आत गेल्या होत्या. बावन्नावी तेजस्विनीच्या चिमट्यात होती, तळाशी साखर. आणि इथंच पंचाईत होती. सिमेंटात साखर पडली तर ते घट्ट होत नाही, हे कुणाही गवंड्याला विचारा. साखर काढणं भाग होतं. तिनं कागद पसरला, वाटी उपडी केली, साखर कागदावर पडली. वाटी पिंपात सोडली, आणि राखाडी गिलावा हळूहळू 'स्नेहल' ह्या अक्षरांवर चढला. झाकण बसलं. बोल्ट आवळले गेले.

मग तेजस्विनीनं कागद उचलला, पिंपापासून लांब, कुंपणाकडे आली, आणि यंत्र साखरेवर धरलं. रात्रभर ही साखर त्या वाटीत होती. बायका पुढे झुकल्या. यंत्र अधूनमधून नुसतं टिकटिकलं, जसं ते कुठल्याही अंगणात, कुठल्याही दिवशी टिकटिकतं. आकडा सगळ्यांना दिसत होता.

रंजनाताईंनी हात पुढे केला. तेजस्विनीनं त्यांच्या तळव्यावर चिमूटभर साखर ठेवली. त्यांनी ती सगळ्यांच्या देखत तोंडात टाकली आणि चावली.

 पिंप उचलायला क्रेन आली, साखळ्या खणखणल्या. तेवढ्यात रेघेपाशी हालचाल झाली. चंद्रकलाकाकू बायकांतून वाट काढत पुढे आल्या, रंजनाताईंच्या शेजारी उभ्या राहिल्या आणि तेजस्विनीकडे न बघताच कुंपणातून हात आत घातला.

"दे बाई मलाबी थोडी," त्या म्हणाल्या.